पढविलेलें पाऊल आणि सुचलेलें पाऊल

श्रोतेहो, एका शाळामास्तरानें नृत्यावर बोलावें, ही गोष्ट आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. माझ्यापुरतें सांगावयाचें तर मला नाचतां येत नाहीं. लहानपणीं शाळेच्या मिरवणुकींत लेझीम धरून चार पावलें टाकलीं असतील, तेवढींच. परंतु सारा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला म्हणजे कांहीं प्रश्न मनांत घर करून बसतात, आणि उतारवयांत ते उत्तर मागूं लागतात. त्यांतील एक प्रश्न मला एका बारा वर्षांच्या मुलीनें विचारला होता. तो आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे. आणि त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आपणांस जर्मनींतील ड्रेस्डेन शहरापासून हिमालयाच्या कुशींतील अलमोड्यापर्यंत माझ्याबरोबर यावें लागणार आहे.

गोष्ट घडली ती समुद्रकांठच्या एका लहानशा गांवीं. स्नेहसंमेलनाची तयारी त्या वर्षीं मजकडे होती. सोळा मुलींचें एक कोळीनृत्य बसवावयाचें होतें. बसविण्याची आमची रीत ठरलेली: गाणें लावावयाचें, एक-दोन-तीन-चार मोजावयाचें, आणि सोळाही पावलें एका वेळीं पडेपर्यंत मोजीत राहावयाचें. त्या सोळांत एक मुलगी मोठी अडचणीची होती. जाळें ओढण्याचा भाग आला कीं इतर मुली हात पुढें-मागें हलवीत आणि गोड हंसत. ही मात्र पाय रोवून, अंग मागें झोंकून, दांतओठ खाऊन ओढी. त्यांत तिचें एक पाऊल हमखास मागें राही आणि रांग मोडे. मीं तिला दोनदां बजावलें. तिसऱ्या दिवशीं तिला काढून दुसरी मुलगी घेतली. तेव्हां ती म्हणाली, "गुरुजी, बाबा जाळं असंच ओढतात. मग मी चुकले कुठं?" मीं उत्तर दिलें, "रांग मोडलीस." संमेलनाच्या दिवशीं सोळा पावलें एका वेळीं पडलीं आणि टाळ्याही भरपूर पडल्या. जाळें ओढल्याचें मात्र कोणाच्याही अंगांत दिसलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर त्या वेळीं मलाही त्याची उणीव भासली नाहीं.

पुढें पुष्कळ वर्षांनीं, वाचनालयांत बसून नृत्याच्या इतिहासाचीं पुस्तकें चाळतांना मला दिसून आलें कीं, त्या मुलीचा प्रश्न जगांतील थोरथोर शिक्षकांनीं स्वतःला विचारलेला आहे. दुसऱ्यानें पढविलेलें पाऊल आणि आपल्या अंगाला त्या क्षणीं सुचलेलें पाऊल, या दोहोंत कलावंताचें स्वतःचें पाऊल कोणतें? आणि तें शिकवितां येतें काय?

आपल्याकडे गवयाच्या तोंडीं 'उपज' असा एक सुंदर शब्द आहे. राग ठरलेला, बंदिश ठरलेली, ताल ठरलेला. परंतु त्या चौकटींत गातां गातां जें नवें उगवून येतें, ती उपज. ही वस्तु आपणांस परकी नाहीं. कीर्तनकार आपला दृष्टांत समोरचा श्रोता पाहून निवडतो. तमाशांतील बतावणी बहुतांशीं हजरजबाबीपणावर चालते. बैठकीच्या लावणींत एकच ओळ पुनःपुन्हां घेऊन दर खेपेस निराळा भाव दाखविण्यांतच कलावंतिणीचें कसब असतें. मात्र आपल्या परंपरेंत ही उपज शिक्षणाच्या अखेरीस येते. आधीं वर्षानुवर्षें पलटे घोटावयाचे, तोडे घोटावयाचे, गुरूची नक्कल करावयाची. आणि मग, गुरूची मर्जी झाली तर, स्वतःचें कांहीं बोलावयाचें. विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांतील कांहीं मंडळींनीं हा क्रम उलटा करून पाहिला. उपज ही पहिल्या दिवसापासून शिकवावयाची, आणि तिच्या योगानें शिष्याला स्वतःचें अंग, स्वतःची चाल आणि स्वतःचें मन सांपडूं द्यावयाचें, असा तो प्रयोग होता.

हा प्रयोग करावासा कां वाटला, हें समजून घेतलें पाहिजे. युरोपांतील राजदरबारीं वाढलेलें बॅले नृत्य हें अत्यंत शिस्तीचें शास्त्र होय. पाय ठेवण्याच्या पांच ठरीव रीति, हात धरण्याच्या ठरीव रीति, आणि प्रत्येक हालचालीला नांव. ह्या शास्त्रानें अप्रतिम नर्तक निर्माण केले. परंतु त्यांत नर्तकाला स्वतःचें असें कांहीं म्हणावयास जागा थोडी. १८७७ सालीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें जन्मलेली इसाडोरा डंकन ही बाई ह्या शास्त्राविरुद्ध उभी राहिली. तिनें बॅलेचे जोडे व घट्ट चोळ्या टाकून दिल्या आणि साध्या झग्यांत, अनवाणी पायांनीं ती नाचूं लागली. १९०४ मध्यें बर्लिनजवळ ग्रुनेवाल्ड येथें तिनें मुलींसाठीं शाळाही काढली. तथापि तिचें नृत्य हें तिच्या विलक्षण व्यक्तित्वाचें फळ होतें. तें दुसऱ्याच्या अंगीं कसें उतरवावें, ह्याची पक्की पद्धति तिच्यापाशीं नव्हती.

पद्धतीचा पहिला धागा एका संगीतशिक्षकाच्या हातीं लागला. एमिल जाक-डालक्रोझ हे जिनिव्हा येथील संगीतविद्यालयांत स्वरसंवादशास्त्र शिकवीत. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, विद्यार्थी कागदावरील मात्रा अचूक मोजतात, पण लय त्यांच्या अंगांत नसते. माझ्यासारख्या मोजणी करणाऱ्या मास्तरानें येथें कान टोंचून घेण्यासारखें आहे! डालक्रोझांनीं विद्यार्थ्यांना बांकावरून उठविलें आणि चालावयास लावलें. हातांनीं ताल धरावयाचा, पायांनीं स्वरांची लांबी दाखवावयाची, आणि शिक्षकानें खुणेचा शब्द उच्चारतांच क्षणांत चाल बदलावयाची. ऐकणें आणि हलणें यांमधील अंतर नाहींसें व्हावें, हा त्यांतील हेतु. ड्रेस्डेनजवळ हेलेराउ येथें कार्ल श्मिट ह्या लांकडी सामानाच्या कारखानदारानें एक उद्यान-वसाहत वसविली होती. तेथें डालक्रोझांसाठीं खास इमारत उभी राहिली. १९११ सालीं उभारलेलें, वास्तुकार टेसेनोव्ह यांच्या आंखणीचें तें नाट्यगृह आजही उभें आहे. १९१३ सालीं तेथें ग्लुकच्या ऑर्फियसचा प्रयोग झाला, तेव्हां युरोपभरचे रसिक तो पाहण्यास लोटले. पण पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. फ्रान्समधील रॅंस येथील प्राचीन प्रार्थनामंदिरावर जर्मन तोफांनीं मारा केला, त्याच्या निषेधपत्रावर डालक्रोझांनीं सही केली. आणि हेलेराउचें दार त्यांना कायमचें बंद झालें.

ह्या हेलेराउंत १९१० सालीं एक विद्यार्थिनी दाखल झाली होती. मारी व्हिग्मान तिचें नांव. जन्म १८८६ चा, हानोव्हरचा. नर्तकीच्या हिशेबानें तिचें वय उलटून गेलेलें. तिनें डालक्रोझांची पद्धति पुरी आत्मसात केली. परंतु तिचें समाधान होईना. तेथें शरीर मोकळें झालें होतें खरें, पण तें संगीताचें ताबेदार होतें. वाद्य जें सांगेल तें अंगानें म्हणावयाचें. मग अंगाला स्वतःचें कांहीं सांगावयाचें असेल तर? चित्रकार एमिल नोल्डे यांनीं तिला सुचविलें कीं, तुझ्यासारखाच विचार करणारा एक मनुष्य आहे, त्याला भेट. तो मनुष्य म्हणजे रूडॉल्फ लाबान.

लाबान हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करी अधिकाऱ्याचे चिरंजीव. स्वित्झर्लंडमध्यें आस्कोना गांवाजवळ एक टेंकडी आहे. शाकाहार करून, मोकळ्या हवेंत राहून नवें जीवन उभारूं पाहणाऱ्या लोकांनीं १९०० सालीं तेथें वसाहत केली आणि टेंकडीला नांव दिलें मोंते व्हेरिता, म्हणजे 'सत्याचा डोंगर'. तेथें लाबान यांची उन्हाळी शाळा भरे. १९१३ सालीं मारी व्हिग्मान तेथें पोंचली. तेथें गाण्याशिवाय नाचत, ढोलाच्या एका ठोक्यावर नाचत, नुसत्या श्वासावर नाचत. लाबान हे शास्त्रज्ञाच्या वृत्तीचे. हालचालींत जोर किती, वेग किती, ती अवकाशांत कोणत्या दिशेला जाते, ह्याचें ते पृथक्करण करीत. पुढें १९२८ सालीं त्यांनीं नृत्य कागदावर उतरविण्याची एक लिपिही प्रसिद्ध केली. शिष्यांना मोकळें सोडणारा हाच मनुष्य हालचालींचें व्याकरण लिहीत होता, ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवूं. तिचा उपयोग पुढें होणार आहे.

महायुद्ध संपल्यावर १९२० मध्यें व्हिग्मानबाईंनीं ड्रेस्डेन येथें आपली शाळा उघडली. तिच्यांत एक तास तंत्राचा आणि एक तास उपजेचा असे. तंत्राच्या तासाला चालणें, घसरत जाणें, झोंके घेणें, उसळणें, गिरक्या घेणें आणि थरथरणें अशा मूळ हालचाली घोटून घेत; अंग ताणावयाचें आणि सैल सोडावयाचें, हें त्या सर्वांच्या मुळाशीं असे. उपजेच्या तासाला मात्र कोणी पाऊल दाखवीत नसे. विषय तेवढा द्यावयाचा, आणि विद्यार्थ्यानें आपल्या अंगांत त्याचें उत्तर शोधावयाचें. भोंवतीं वाद्यें असत तीं झांजा, ढोल, घंटा अशीं. तीं नृत्याच्या मागून चालत, पुढून नव्हे. स्वतः बाईंचें गाजलेलें 'चेटकिणीचें नृत्य' पाहिलें म्हणजे ह्या शाळेंत सौंदर्याची कल्पना किती बदलली होती हें कळतें. तें त्यांनीं प्रथम १९१४ मध्यें केलें आणि १९२६ मध्यें नव्यानें रचलें. दुसऱ्या रचनेंत तोंडावर मुखवटा आहे, नर्तिका बराच वेळ जमिनीवरच बसलेली आहे, आणि तिच्या बोटांतून, गुडघ्यांतून, टांचांतून जें प्रकट होतें त्याला कोणी सुंदर म्हणणार नाहीं. परंतु तें खोटें आहे असेंही कोणी म्हणणार नाहीं.

ह्या पद्धतीची खरी कसोटी म्हणजे तिच्यांतून निघालेले शिष्य. ग्रेट पालुका, हारल्ड क्रॉइट्सबर्ग, हान्या होल्म हे तिघेही व्हिग्मानबाईंच्या हाताखालून गेले. पालुकाचें नांव झालें तें तिच्या उंच उड्यांमुळें आणि आनंदी वृत्तीमुळें. क्रॉइट्सबर्गची कीर्ति झाली ती नाट्यमय एकपात्री नृत्यांनीं. आणि हान्या होल्मनें १९३१ मध्यें न्यूयॉर्कला व्हिग्मान-शाळेची शाखा काढून अमेरिकन नृत्यांत स्वतःचें स्थान मिळविलें. तिघांचीं नृत्यें परस्परांसारखीं नाहींत आणि गुरूसारखींही नाहींत. ज्या शाळेंतले सर्व विद्यार्थी एकाच वळणाचें अक्षर काढतात ती शाळा चांगली, असें आम्ही मास्तर मंडळी समजत आलों. ड्रेस्डेनला मोजमाप अगदीं उलटें होतें.

आतां ह्या कथेशीं हिंदुस्थानचा संबंध कसा आला तें पाहूं. १९३० सालीं रामपूरच्या पठाण घराण्यांतील एक तरुणी आपल्या मामांबरोबर मोटारीनें युरोपला निघाली. लाहोरला पडद्याच्या शाळेंत तिचें शिक्षण झालें होतें. तिचें नांव झोहरा मुमताज. पुढें झोहरा सेहगल म्हणून साऱ्या देशाला ती परिचित झाली. तिनें तीन वर्षें ड्रेस्डेनला व्हिग्मानबाईंच्या शाळेंत काढलीं. पडद्यांत वाढलेल्या मुलीला 'तुझ्या अंगाला काय म्हणावयाचें आहे?' असा प्रश्न रोज विचारला जावा, ह्यांतील धक्क्याची कल्पना आपण करून पाहावी. परत आल्यावर १९३५ मध्यें ती उदयशंकर यांच्या पथकांत सामील झाली.

उदयशंकरांची वाट निराळी होती. त्यांचा जन्म १९०० सालीं उदेपुरास, एका बंगाली कुटुंबांत झाला. चित्रकलेसाठीं ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें आले आणि तेथून १९२० मध्यें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें गेले. तेथें सुप्रसिद्ध रशियन नर्तकी आना पावलोव्हा हिनें त्यांना हेरलें. १९२३ मध्यें तिच्यासाठीं त्यांनीं राधाकृष्णाचें नृत्य रचलें आणि स्वतः कृष्ण होऊन तिच्याबरोबर नाचले. गंमत ही कीं, तोंपर्यंत कोणत्याही गुरूपाशीं बसून त्यांनीं हिंदी नृत्य शिकलेलें नव्हतें. लहानपणीं पाहिलेले लोकांचे नाच, देवळांतील मूर्ति, जुनीं चित्रें आणि चित्रकाराचा डोळा, एवढेंच त्यांचें भांडवल. पुढें मात्र त्यांनीं देश पालथा घातला आणि केरळांतील कथकळीचे आचार्य शंकरन् नंबुद्री यांना आदरानें गुरु केलें. ज्यानें उपजेपासून आरंभ केला तो अशा रीतीनें परंपरेपाशीं येऊन पोंचला.

१९३८ मध्यें इंग्लंडांतील डार्टिंग्टनच्या एल्महर्स्ट मंडळींच्या साहाय्यानें अलमोडा येथें उदयशंकरांचें संस्कृतिकेंद्र आकारास येऊं लागलें. हेच एल्महर्स्ट पूर्वीं रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनांत काम करून गेलेले होते. अलमोड्याला कथकळीसाठीं शंकरन् नंबुद्री, भरतनाट्यासाठीं कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठीं अमोबी सिंह आणि संगीतासाठीं उस्ताद अल्लाउद्दीनखां असे आचार्य एकत्र आले. अशा चार गुरूंच्या पायांशीं बसावयास मिळणें हेंच त्या काळीं भाग्य. परंतु केंद्राचें वैशिष्ट्य ह्यापलीकडचें होतें. झोहराबाईंनीं तेथें पांच वर्षांचा अभ्यासक्रम आंखला आणि त्यांत परंपरागत शिक्षणाच्या जोडीला उपजेच्या तासाला मानाचें स्थान मिळालें. उदयशंकर स्वतः विद्यार्थ्यांकडून नुसतें चालणें करून घेत. आपण चालतों कसे, थांबतों कसे, पाठीमागें कोणी आहे ही जाणीव अंगाला होते कशी, येथून आरंभ. मग एखादा विषय, एखादा प्रसंग, एखादी रोजची कृति द्यावयाची, आणि विद्यार्थ्यानें ती आपल्या अंगानें शोधून काढावयाची. रस्त्यावरचा मजूर, बाजारांतली बाई, यंत्रापुढें उभा असलेला कामगार, ह्यांच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणें हा त्या शिक्षणाचाच भाग. १९३९ सालच्या त्यांच्या 'श्रम आणि यंत्र' ह्या रचनेंत मनुष्य आणि यंत्र यांचा झगडा रंगभूमीवर आला, तो असल्याच निरीक्षणांतून.

श्रोतेहो, हें वाचीत असतां मला काय वाटलें असेल, हें सांगावयास नको. जाळें ओढणारी ती मुलगी अलमोड्याला असती तर तिला रांगेंतून काढलें नसतें. कदाचित् तिच्याभोंवतीं रांग उभी केली असती.

केंद्राला आयुष्य थोडें लाभलें. युद्धाचे दिवस, पैशाची ओढाताण आणि अंतर्गत अडचणी यांमुळें १९४४ पर्यंत तें बंद पडलें. उदयशंकरांनीं आपलें सारें स्वप्न 'कल्पना' नांवाच्या बोलपटांत ओतलें. तो १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. पण बीं वाऱ्यावर गेलें होतें, आणि त्यांतील बरेंच आपल्या महाराष्ट्रांत येऊन पडलें. केंद्रांतील शांति बर्धन मुंबईस अंधेरीला जननाट्यसंघाच्या नृत्यपथकाचे प्रमुख झाले. पुढें १९५२ मध्यें त्यांनीं लिट्ल बॅले ट्रूप स्थापिला आणि माणसांनीं कळसूत्री बाहुल्यांप्रमाणें हलून सादर केलेलें रामायण रचलें. सचिन शंकर यांनींही आपलें पथक मुंबईंतच उभारलें. झोहराबाई मुंबईस पृथ्वी थिएटर्समध्यें चौदा वर्षें राहिल्या. आणि एक कोंकणी बोलणारा सारस्वत मुलगा अलमोड्याहून निघून १९४४ मध्यें पुण्याच्या प्रभात कंपनींत नृत्यदिग्दर्शक म्हणून लागला. तोच पुढें चित्रपट-दिग्दर्शक झाला. त्याचें नांव गुरु दत्त. त्याच्या चित्रपटांतील गाण्यांत पात्रें नुसतीं वळतात, थांबतात, प्रकाशांत येतात आणि छायेंत जातात, तेंही नृत्यासारखें वाटतें. त्याचें मूळ मला तरी अलमोड्याच्या त्या चालण्याच्या तासांत दिसतें. दिल्लीला नरेंद्र शर्मा यांनीं तर शाळकरी मुलांनाच ह्या रीतीनें शिकविलें.

आतांपर्यंत मीं एकच बाजू मांडली. परंतु न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही पुढें ठेविली पाहिजे, आणि तिचे दोन आक्षेप मोठे वजनदार आहेत.

पहिला आक्षेप परंपरेच्या अभिमान्यांचा. ते म्हणत, उदयशंकरांनीं सर्व शैलींची खिचडी केली. भरतनाट्याची शुद्धता नाहीं, कथकळीची खोली नाहीं. ह्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. ज्याला उपजेची गोडी लागली त्याला घोटण्याचा कंटाळा येतो, हा अनुभव गायनांतही आहे. ह्याचा पडताळा मीं स्वतः घेतला. नोकरीच्या शेवटच्या वर्षीं एके दिवशीं खेळाच्या तासाला मीं सातवीच्या मुलांना सांगितलें, "विहिरीवरून पाणी आणतां ना? एक शब्द न बोलतां तें दाखवा. कसें तें मी सांगणार नाहीं." दहा मिनिटें नुसतें हंसणें चाललें. नंतर एका हुशार मुलानें सिनेमांतल्यासारखी कंबर हलविली, आणि बाकीच्या तीस जणांनीं त्याचीच नक्कल केली! मोकळीक दिल्याबरोबर मनुष्य स्वतःचें बोलूं लागतो, हा माझा भ्रम त्या दिवशीं गेला. मोकळीक दिल्यावर मनुष्य प्रथम दुसऱ्याचें बोलतो. कारण तेंच त्याच्या ओंठावर असतें. चौथ्या-पांचव्या तासाला, नक्कल करून कंटाळल्यावर, एका मुलाचा हात भरलेल्या बादलीच्या ओझ्यानें खरोखर खालीं खेंचला गेला. तो हात त्याचा स्वतःचा होता. तेथपर्यंत पोंचण्यास धीर लागला, पुनरावृत्ति लागली, आणि कंबर हलविणाऱ्याला 'हें तूं पाहिलेलें आहेस कीं केलेलें आहेस?' असें विचारणारें कोणीतरी लागलें. लाबान व्याकरण कां लिहीत होते आणि अलमोड्याला चार गुरु कशासाठीं आणले होते, हें मला त्या दिवशीं उमगलें.

दुसरा आक्षेप अधिक भयंकर आहे, आणि तो इतिहासानें घेतलेला आहे. १९३३ मध्यें जर्मनींत नाझींची सत्ता आली. 'आंतून उमटलेलें नृत्य', 'समूहाचा एक प्राण' ही भाषा त्या सत्तेलाही रुचण्यासारखी होती. लाबान यांनीं तिच्या आश्रयाखालीं कांहीं वर्षें अधिकाराचीं कामें केलीं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रारंभदिनाच्या सोहळ्यांत व्हिग्मानबाईंनीं बसविलेलें शोकनृत्य झालें. ज्यांनीं एकेका व्यक्तीला तिची चाल शोधून दिली, त्यांचीच विद्या हजारोंना एका चालीनें चालविणाऱ्यांच्या उत्सवाला शोभा देती झाली. लाबान यांनीं त्याच प्रसंगासाठीं सुमारें हजार नर्तकांची एक रचना केली होती; तिची रंगीत तालीम पाहून गोबेल्सनें ती बंद पाडली. पुढें लाबान परागंदा होऊन १९३८ मध्यें इंग्लंडांत डार्टिंग्टनला पोंचले, आणि अखेरचीं वर्षें त्यांनीं तेथील शाळामास्तरांना मुलांच्या हालचालीचें शिक्षण देण्यांत घालविलीं. ह्या विषयावरील त्यांचें पुस्तक १९४८ सालीं निघालें. व्हिग्मानबाईंची ड्रेस्डेनची शाळाही १९४२ मध्यें त्यांच्या हातून गेली. युद्धानंतर बर्लिनला त्यांनीं पुन्हां शाळा काढली आणि १९७३ मध्यें त्या वारल्या.

ह्यावरून मी काय समजलों तें सांगतों. आत्माविष्कार ही स्वतःसिद्ध पुण्याची वस्तु नव्हे. अंग मोकळें झालें म्हणजे विवेकही जागा होतो, असें समजण्याचें कारण नाहीं. तो निराळा जागवावा लागतो. पण म्हणून अंग जखडून ठेवावें, हेंही उत्तर नव्हे. ज्याला आपलें स्वतःचें पाऊल कधींच सांपडलें नाहीं, त्याला दुसऱ्याच्या कवाइतींत पाऊल मिळवितांना काय गमावलें हेंही कळत नाहीं. निदान ज्याला तें एकदां सांपडलें आहे, त्याला रांगेंत उभें राहतांना कोठेंतरी टोंचेल. तें टोंचणें हेंच ह्या शिक्षणाचें खरें फळ, असें मला वाटतें.

हल्लीं घरोघरीं मुलेंमुली नृत्याच्या वर्गांना जातात. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धा पाहून तींच पावलें, तेंच हंसणें, तेच डोळे मिचकावणें जसेंच्या तसें उतरवितात, आणि आपण आईबाप कौतुकानें टाळ्या वाजवितों. माझी त्याला हरकत नाहीं; मींही आयुष्यभर तेंच केलें. माझें मागणें फार लहान आहे. आठवड्यांतून एक तास असा असावा कीं, ज्यांत कोणीही पाऊल दाखविणार नाहीं. त्यांत आरंभीं हंसणें होईल, मग नक्कल होईल. तेथें घाबरून मोजणी सुरूं करूं नये.

ती समुद्रकांठची मुलगी आतां मोठी झाली असेल. कदाचित् तिच्या मुलीही शाळेंत जात असतील. माझी तिची पुन्हां गांठ पडली नाहीं. पडली तर तिच्या प्रश्नाला द्यावयाचें उत्तर मीं तयार ठेविलें आहे. मी तिला सांगेन कीं, "बाळ, तूं कोठेंच चुकली नव्हतीस. त्या सोळा जणींत जाळें फक्त तुझ्याच हातांत होतें."